माझ्या नावाची सॅक

आबा, आज सकाळी सॅक भरायला घेतली आणि तुमचा राग आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली. तुमच्या तिथीला मी काळ्या वाटाण्याची आमटी करते, कावळ्याला पान ठेवते, तेव्हा राग येत नाही. पण पलंगावर सॅक आडवी घातली, शेजारी कपडे, टॉर्च, औषधं, प्लास्टिकचा कागद असं सगळं मांडलं, आणि लोकरीची टोपी हातात घेऊन ही घ्यावी की नको असा विचार करत उभी राहिले, तर एकदम तुम्ही दिसलात. खांद्यावर पंचा टाकून दारात उभे, मी काय काय भरते आहे ते बघत. मी टोपी ठेवून दिली, खाली बसले आणि हे लिहायला घेतलं.

आम्ही काही बायका दाभोळहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने चालत राजापूरच्या खाडीपर्यंत जाणार आहोत. मधल्या खाड्या तरीने ओलांडायच्या, मुक्काम शाळेत नाहीतर देवळात, आणि सामान जिचं तिने पाठीवर वाहायचं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी अशा एखाद्या चालण्याची वाट बघत होते. घरात कोणी अडवलं नाही. ह्यांनी गुडघा सांभाळ म्हटलं आणि पेपर वाचायला घेतला. पण काल तुमच्या मुलाचा डोंबिवलीहून फोन आला. म्हणाला, "ताई, तुला वजन झेपेल का? आबा असते तर पाठवलं असतं का तुला?" नसतंच पाठवलं. हे त्याला पक्कं माहीत आहे, कारण माझ्या जागी तोच गेला होता.

तुम्ही ते केव्हाच विसरला असाल. तुम्ही हे जग सोडण्याच्या किती आधी विसरलात कोण जाणे. मी नाही विसरले. ऐंशीनंतरची ती वर्षं, मी रोज सकाळी हातखंब्याहून एसटीने रत्नागिरीला कॉलेजला जात होते. जायच्या आधी तुमच्या टपरीसाठी बटाटे उकडून सोलून ठेवायचे, हे माझं काम. दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेजची मुलं समुद्रापासून चालत घाटमाथ्यापर्यंत जाणार अशी नोटीस फळ्यावर लागली आणि मी नाव दिलं. मुलांना नेणाऱ्या सरांनी आमची परीक्षा घेतली होती. गोणपाटात रेती भरून ती पाठीवर घेऊन टेकडी चढायची. बरेच मुलगे अर्ध्यात बसले. मी वर जाऊन खाली आले, दम लागला होता पण वाटेत कुठे टेकले नव्हते. मुलींमध्ये तिघींची निवड झाली. सरांनी कॉलेजातली एक सॅक माझ्या नावावर दिली. खाकी रंगाची, पितळी बकलांची, आधीच्या कोणाच्या तरी घामाचा वास येणारी. ती पाठीला लावून मी हातखंब्याच्या तिठ्यावर, आपल्या टपरीसमोर, उतरले, तेव्हा मला वाटलं होतं की टपरीतून तुम्ही बघाल आणि हसाल.

तुम्ही बघितलंत. तिठ्यावर उतरणाऱ्या माणसाचं सामान बघून तुम्ही त्याची कुंडली मांडायचात. ट्रंक असेल तर मिलमधला, पिशवीत नारळ असतील तर सासुरवाडीला निघालेला, हातात नुसती छत्री असेल तर कोर्टकचेरीवाला. गिऱ्हाइकांना त्याचं फार कौतुक होतं. माझी सॅक बघून तुम्ही झारा तसाच कढईवर धरलात आणि हे काय म्हणून विचारलंत. मी सगळं सांगितलं. बाकड्यावर चार माणसं चहा पीत होती. त्यांच्याकडे बघत तुम्ही मला म्हणालात, "वजन उचलायची येवढीच हौस आसंल तर विहिरीवरनं पाणी आण गो." चौघंही हसले.

आबा, ते पाणी मीच आणत होते. आईची कंबर धरल्यापासून रोज मीच आणत होते. भरलेला हंडा डोक्यावर, कळशी कमरेला, आणि विहिरीपासून घरापर्यंत ती पाखाडी, जांभ्याच्या त्या उंचसखल पायऱ्या, पावसाळ्यात शेवाळाने गुळगुळीत झालेल्या. त्या पाण्याने तुम्ही आंघोळ करत होतात, त्याचाच चहा विकत होतात. मुलीला वजन झेपत नाही हे तुम्ही कोणाच्या पाठीकडे बघून ठरवलंत, ते मला अजून समजलेलं नाही. त्या संध्याकाळीही मी निमूट हंडा-कळशी उचलली आणि गेले. आज माझी नात अशी जाणार नाही, तोंडावर विचारेल. मला तेव्हा विचारता आलं नाही आणि तुम्हाला ते सोयीचं होतं.

पण नुसतं नाही म्हणून थांबला असतात तरी मी एखाद्या वर्षात रडून मोकळी झाले असते. तुम्ही दोन दिवसांनी ओटीवर टेकवलेल्या त्या सॅककडे बघत म्हणालात की आता आणलीच आहे तर रिकामी कशाला परत करायची. भाऊ त्याच कॉलेजात माझ्यामागे एक वर्ष होता. त्याने नावसुद्धा दिलं नव्हतं, चालायचं म्हटलं की त्याच्या कपाळावर आठ्या यायच्या. तुम्ही रत्नागिरीला जाऊन सरांना सांगून आलात की मुलगी येणार नाही, मुलगा येईल. सरांनी मान डोलावली. त्यांच्यावरही माझा राग आहे, पण तो आजचा विषय नाही. आणि घरी येऊन तुम्ही मला काय सांगितलंत? सॅक भर. त्याला त्यातलं काही कळत नाही, तुला सरांनी दाखवलंय, तूच भर.

मी भरली. चुलीसमोर सगळं मांडून बसले. अंथरूण खाली, जड सामान पाठीच्या बाजूला आणि वरती, म्हणजे खांदे मागे ओढले जात नाहीत. भाजलेले पोहे, गूळ, शेंगदाणे वेगवेगळ्या पुरचुंडीत. सगळ्यांत वर प्लास्टिकचा कागद, कारण त्या दिवसांत घाटाखाली रात्रभर दव टिपकतं आणि अंथरूण सकाळपर्यंत पिळून काढण्यासारखं होतं. एकेक वस्तू हातात घ्यायची, ही खरंच लागेल का असं स्वतःला विचारायचं, आणि नसेल तर बाजूला ठेवायची. मला ते काम आवडत होतं, हेच सगळ्यात वाईट. मधूनच मी विसरत होते की हे माझ्यासाठी चाललेलं नाही.

मग तुम्ही आगळाची बाटली घेऊन आलात. घरामागच्या परड्यातल्या रातांब्यांचं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, काचेच्या मोठ्या बाटलीत, तोंडाला कागदाचा बोळा. सरांना सरबत पाजायचं होतं तुम्हाला. मी म्हटलं, काच नको, जड होते आणि फुटेल. त्यापेक्षा आमसुलं देते, साखर-मीठ लावून, पाण्यात कुस्करली की तेच सरबत. किती सोपं होतं, आबा. पण तुम्ही बाटली माझ्यापुढे ठेवलीत आणि म्हणालात, "तू जायाची हायस काय? मग गप भर."

मी गप भरली. बाटलीला जुनं पातळ गुंडाळलं, मधोमध ठेवली, चारी बाजूंनी कपडे ठासले. याहून नीट कोणी ठेवूच शकलं नसतं. पहिल्याच मुक्कामाला तुमच्या चिरंजीवांनी दमून सॅक पाठीवरून सोडली ती थेट कातळावर. घाटमाथा बघून ते परत आले तेव्हा सगळे कपडे लालभडक, सॅकच्या तळाला सुकलेला रस आणि काचांचे तुकडे. ते तुकडे मी बोटांनी वेचून काढत होते आणि तुम्ही आईला ऐकवत होतात, "येक बाटली धड ठेवता येत नाय, आनी ही म्हणं डोंगर चढणार हुती." भाऊ तिथेच पाय पसरून बसला होता. मी टाकली म्हणून फुटली, एवढं त्याला सांगता आलं असतं. त्याने पाण्याचा तांब्या मागितला. ती सॅक मी विहिरीवर तीनदा धुतली. डाग गेला नाही. सॅक माझ्या नावावर दिलेली होती, म्हणून सरांचं बोलणंही मीच ऐकून घेतलं.

आता घरात लग्नकार्य असलं की तो ती गोष्ट सांगतो. दवात सगळ्यांची अंथरुणं भिजली, ह्याचं एकट्याचं कोरडं राहिलं, कारण ह्याने म्हणे प्लास्टिक घेतलं होतं. लोक वाहवा करतात. आणि त्याच गोष्टीत ताईने भरलेली बाटली फुटते, मग सगळे हसतात. मीही पानं वाढता वाढता हसते. माझ्या लग्नात तुम्ही मला मोठी सुटकेस दिलीत, दोन माणसांनी उचलावी लागायची अशी. घेताना मी तुमच्या पाया पडले. मनात एकच होतं, की ह्या घरातून बाहेर जायला मला एकदाच सामान मिळालं, आणि तेही परत न येण्याचं.

एवढं सगळं लिहून झाल्यावर थांबायला हवं होतं. पण एक दुपार राहिली आहे, ती मी कोणालाच सांगितलेली नाही.

भाऊ निघायच्या आदल्या दिवशी केस कापायला गेला होता. आई परड्यात. मी सॅक बांधून ओटीवर ठेवली होती आणि आत भात वाढत होते. तुम्ही टपरीवरून जेवायला आलात, हाक मारली नाहीत. मी दाराच्या फटीतून बघितलं. तुम्ही सॅक उचललीत, एक हात पट्ट्यातून घातलात, दुसरा जाईना. पट्टे माझ्या मापाचे होते ना. तुम्ही धडपडत होतात तेव्हा मी बाहेर आले. तुम्ही ओशाळलात. म्हणालात, "जड हाय काय बघत हुतो." मी मागे जाऊन दोन्ही बकलं सैल केली, तुमचा हात पट्ट्यातून ओढून घेतला, पट्टे पुन्हा बसते केले. तुम्ही अंगणातून बेड्यापर्यंत, कुंपणाच्या फाटकापर्यंत, चालत गेलात आणि तिथे थांबून बराच वेळ हायवेकडे बघत राहिलात. एक गोव्याची गाडी गेली, एक कोल्हापूरची. उभा जन्म तुम्ही त्या तिठ्यावर काढलात, सगळ्या गाड्या तुमच्यासमोरून गेल्या, आणि तुम्ही कुठल्याच गाडीत चढला नाहीत. परत आलात, सॅक काढून भिंतीला टेकवलीत आणि पानावर बसलात.

यामुळे माझा राग निवला असं समजू नका. उलट वाढला. पाठीवर सॅक घेतल्यावर रस्ता कसा ओढतो ते तुम्हाला कळलं होतं. मी समोर उभी होते. त्या क्षणी एक शब्द बोलला असतात तर अजून वेळ होता, भाऊ तर सुटलो म्हणाला असता. तुम्ही आमटी मागितलीत. ज्याला काही कळतच नाही त्याला माफ करता येतं, आबा. तुम्हाला कळलं होतं.

माझी सॅक आता भरून झाली आहे. टोपी घेतली, किनाऱ्यावर पहाटे वारा असतो. आमसुलं घेतली आहेत, साखर-मीठ लावून. काच एकही नाही. हे कागद बरोबर नेणार नाही, उगाच वजन. इथेच कपाटात राहतील.

मघाशी सॅक पाठीवर घालून आरशात बघितलं, पट्टे बरोबर बसलेत. तुम्ही आत्ता दारात येऊन जड हाय काय बघतो म्हणालात, तर मी भांडेन. बाटलीवरून भांडेन, पाण्यावरून भांडेन, एकही गोष्ट सोडणार नाही. पण पट्टे सैल करून देईन.