झिजलेला उंबरा

मंगळवार, संध्याकाळ

आमचे हे बोटीवरून उतरून ग्रीसच्या एका बेटावर फिरत होते. फोनवर जुनं गाव दाखवलं. एका अंगाला ग्रीकांची आळी, दुसऱ्या अंगाला तुर्कांची, मध्ये दगडी भिंत. भिंतीत लहानसं दार, त्याचा दगडी उंबरा झिजून खळगा पडलेला. किती पाय गेले असतील? तुर्क कधीच गेले, पण दार कुणी बुजवलं नाही.

शेजारच्या सलमाच्या कोंबड्या माझी मिरची उकरतात, म्हणून आमच्या दोघींच्या आवारांमधल्या दगडी गडग्यातलं ये-जा करायचं बेडं मी उद्या गवंड्याकडून चिऱ्यांनी बंद करून घेणार होते. "मी काय कोंबड्यांना तुझा पत्ता दिला?" तक्रार केली तर म्हणते कशी.

फोन ठेवून बेड्याशी गेले. तिथला चिराही मधोमध झिजलाय. कधी बघितलाच नव्हता.

गवंड्याला नको म्हणून कळवलं. "का?" विचारतो. काय सांगू, उंबरा बघितला म्हणून?