उरलेल्या इलेक्ट्रॉनांची काळजी

५ जानेवारी १९७३, क्लीव्हलंड
संकल्प: आमच्या लॅबच्या, सिग्नल वाढवणाऱ्या मायक्रोवेव्ह नळीची एफिशियन्सी पन्नास टक्क्यांवर नेणे. सध्या तीस. काम करून दमलेले इलेक्ट्रॉन नळीच्या टोकाला कलेक्टर नावाच्या तांब्याच्या भिंतीवर धाडकन आपटतात, उरलेली वीज उष्णता होऊन वाया. आपटण्याआधी ब्रेक लावला की ती परत मिळते. सोपं आहे.
माझी बायको लिओना टोलेडोला बहिणीकडे गेलीय. विश्रांतीला. चार बॅगा नेल्या. बायकांना सामान लागतंच.

१९ जानेवारी
अठ्ठेचाळीस टक्के! पण फक्त बँडच्या, म्हणजे नळीच्या फ्रीक्वेन्सींच्या पट्ट्याच्या, मधोमध. कडेला सत्तावीस. शेजारच्या टेबलावरचा झोल्टान म्हणाला, "ऑरिन, अरे नळी अख्ख्या बँडवर चालायला हवी ना? मधली खुर्ची भरली की थिएटर हाउसफुल होतं का?" लॅबमध्ये सगळे हसले. झोल्टानला विनोद जमत नाही.
लिओनाला कळवायला फोन केला. बहीण म्हणाली, झोपलीय. भर दुपारी? दमली असेल.

२ फेब्रुवारी
लिओनाचा स्वतःहून फोन! म्हणाली, "मला तुझ्याशी बोलायचंय." म्हटलं बोल ना, पण आधी ऐक. कलेक्टरचे चार टप्पे केलेत. मंद इलेक्ट्रॉन अलीकडे थांबतात, वेगवान पलीकडे. कुणी आपटत नाही. किती शांतपणे ऐकलं तिनं! शेवटी कळलं, लाइन केव्हाच कट झालेली. या मोसमात वायरी फार खराब होतात.

१४ फेब्रुवारी
उद्या गिऱ्हाइकांसमोर डेमो. कोवाल्चिकसाहेब म्हणाले, "पुन्हा एकदा तपास." तपासण्यासारखं उरलंच नाही.
आज व्हॅलेंटाइन. लिओनाला कार्डासोबत ग्राफ पाठवला. अख्ख्या बँडचा.

१५ फेब्रुवारी
ब्रेक जास्त लागला. इलेक्ट्रॉन उलटे फिरले, आतली तारेची गुंडाळी वितळली. पाहुणे सभ्य; आभार मानून कोट घालू लागले.
साहेब म्हणाले, "सोमवारपासून नळी झोल्टान बघेल. तू जरा घरी राहा." त्यांना माझ्या तब्येतीची काळजी दिसते.

२४ फेब्रुवारी
लिओना आली होती. भावाला घेऊन, राहिलेलं सामान न्यायला. बुटांना बर्फ होतं म्हणून आत फारशी आली नाही.
निघताना म्हणाली, "तुझी नळी कशी आहे रे?"
लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं आपणहून विचारलं. उत्तराची माझी कायमची तयारी असते. आज एवढंच म्हणालो, "जळाली."
"अरेरे," म्हणाली. मनापासून. दारात जराशी रेंगाळली. मी काहीतरी बोलायला हवं होतं, बहुधा तिच्याविषयी. खाली भाऊ हॉर्न वाजवत होता.
दुपारी सूपचा डबा फोडला. दोघांपुरता होता. एकट्यानं संपवला.