शिवतेजच्या कोडची निरवानिरव

मी नाथाजी दाजीबा पिसाळ, वय ६७, सैन्याच्या सिग्नल विभागातून निवृत्त हवालदार, सध्या शेती, राहणार उंब्रज, तालुका कराड, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी मूत्रपिंडे दगा देत आहेत, डोके नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणू शकेल अशी एकच व्यक्ती, माझी पत्नी मंगल, आणि ती तर या कागदावर नाराज आहे. त्याचे कारण कलम पाचमध्ये येईल. माझ्या पश्चात सर्व व्यवस्था मुलगी साक्षी, राहणार सांगली, हिने पाहावी.

१. उंब्रजचे राहते घर मंगलचे. तिच्या हयातीत ते कोणी विकू नये, भाड्याने देऊ नये, आणि तिला "सांगलीला चला" म्हणून भंडावू नये. तिच्यामागे घर साक्षीचे.

२. ओढ्याकडेचे उसाचे रानही असेच आधी मंगलचे, मग साक्षीचे. धाकटा भाऊ लालासाहेब दर नांगरटीला बांध कोरत आला आहे. भावकीत तोंड वाईट नको म्हणून मी गप्प बसलो. साक्षीने बसू नये, सरकारी मोजणी आणावी. माझी फौजेतली ट्रंक मात्र लालासाहेबाला द्यावी. मी पहिल्या रजेवर आलो तेव्हापासून त्याचा तिच्यावर डोळा आहे.

३. तारांना डाग देण्याची, म्हणजे सोल्डरिंगची इस्तरी, मीटर, पकडी आणि स्क्रूंचे डबे स्टँडजवळच्या फारूकला द्यावेत. तो मोबाईल दुरुस्त करतो आणि घेतलेले हत्यार पुसून परत देतो. असा माणूस दुसरा पाहिला नाही.

४. आता ज्याला भाव नाही त्याबद्दल. माझा मुलगा शिवतेज पुण्यात नोकरीला होता. लिनक्स नावाची संगणक प्रणाली जगभरची माणसे मिळून लिहितात, त्यातली कितीतरी बिनपगारी. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. फलटणकडे त्याच्या एका मित्राचा वजनकाटा होता. उसाच्या गाडीचे वजन संगणकात उतरवणारे कार्ड तिथे बसवलेले होते. कार्ड बनवणारी कंपनी बंद पडली आणि नवा संगणक त्या कार्डाला ओळखेना. शिवतेजने सुट्टीचे दिवस घालवून त्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाने कार्डाशी कसे बोलावे याचा कोड लिहिला आणि तो कर्नलला देऊन टाकला. लालासाहेब म्हणाला, "फुकटची हमाली हाय रं ही." पोरगा म्हणाला, "आवं तात्या, फुकटची हाय म्हणून तर आवडीची हाय."

तिथला रिवाज असा, की कोड दिला म्हणजे सुटका नाही. सांभाळणाऱ्याचे नाव यादीत लागते आणि काही अडले की लोक त्याला हाक मारतात. २०१४ साली शिवतेज महामार्गावर अपघातात गेला. वर्षाने साक्षीने त्याचा संगणक उघडला, तर ईमेलवर कोणी तरी विचारत होते, शिवतेज, आहेस का? उत्तर नाही म्हणून पुन्हा विचारले होते. मग त्याचा कोड बेवारस ठरवला होता, आणि बेवारस कोड पुढेमागे काढून टाकतात.

तो काढू नये म्हणून मी साक्षीकडून कोड लिहायची सी भाषा शिकलो. वायरलेस सेट उघडणे वेगळे आणि हे वेगळे. माझी पहिली दुरुस्ती तिथल्या लोकांनी इतक्यांदा परत पाठवली की आमच्या सुभेदारानेही मला तेवढे झापले नसेल. शेवटी ती घेतली. पण मी बसलो होतो शिवतेजच्या संगणकावर, त्यामुळे नाव आपोआप त्याचेच गेले. पूर्वी त्याला हाक मारणाऱ्याचेच उत्तर आले, "शिवतेज, किती दिवसांनी! परत आलास, बरे वाटले." साक्षीने ते मराठी करून मोठ्याने वाचले. मंगल गॅसपाशी उभी होती. ती म्हणाली, "आवं, आज उत्तर नगा दिऊ. एक दिस तरी ऱ्हाऊ द्या त्येला."

एक दिवस राहू दिले. दुसऱ्या दिवशी मी माझ्या नावाने खरे ते कळवले, कारण तिथे ज्याने त्याने स्वतःच्या नावाची सही करायची असते. पलीकडची माणसे भली निघाली. यादीत शिवतेजच्या जागी माझे नाव लागले.

५. तेव्हापासून मी तो कोड सांभाळतो. गाभा बदलला की प्रत्येक ड्रायव्हर त्याप्रमाणे बदलावा लागतो, म्हणून निकामी कोडचे ओझे कोणाच्या ना कोणाच्या मानेवर असतेच. कोणी वापरते का, असे तिथले लोक विचारत, आणि मी हो म्हणत असे, कारण फलटणचा काटा चालू होता. गेल्या हंगामात त्या काटेवाल्याने सगळे नवे घेतले. आता ते कार्ड फक्त माझ्या टेबलावर चालते. साक्षी म्हणते, मी सांभाळते. तिला नोकरी आहे, दोन मुले आहेत. माझ्या दुःखाची चाकरी तिच्या गळ्यात नको.

म्हणून शिवतेजचा कोड काढून टाकणारा पॅच, म्हणजे गाभ्यात करायच्या बदलाचा मसुदा, मीच तयार केला आहे. मंगलने विचारले, "त्येचं लिवलेलं पुसायला तुमचाच हात व्हय?" मी म्हणालो, "परक्यानं पुसण्यापरास बरं. लोकांनी हाका मारायच्या आन् घरातनं कुणी ओ द्यायची न्हाई, ही पाळी पोरावर पुन्यांदा नको." ती अजूनही माझ्याशी नीट बोलत नाही.

पॅचखाली माझी सही आहे. फक्त तो पाठवलेला नाही. रोज संगणकापुढे बसतो आणि उठतो. शिवतेजला मी एकदा अग्नी दिला आहे, पुन्हा माझ्याने होणार नाही. माझे तेरावे झाले की साक्षीने तो पाठवावा आणि कार्ड काढून ठेवावे.

६. कर्नलबरोबर आणखी एक यादी असते, पूर्वी काम करून गेलेल्यांची. कोड गेला तरी तिथले नाव राहते. शिवतेजचे नाव मी तिथे घातले आहे, माझे साक्षीने घालावे. ती यादी आडनावाप्रमाणे लागते, म्हणजे आम्ही दोघे लागून येऊ. मंगलला इंग्रजी वाचता येत नाही. साक्षीने आईजवळ बसावे, तिचे बोट धरून आधी एका नावावर आणि मग दुसऱ्या नावावर ठेवावे, आणि कोणते कोणाचे ते सांगावे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर साक्षीदारांसमोर वाचून, त्यांच्यादेखत सही केली आहे.

नाथाजी दाजीबा पिसाळ (सही)

साक्षीदार:
१. भाऊसो यशवंत डुबल, रा. उंब्रज (सही)
२. सिकंदर बाबालाल मुजावर, रा. उंब्रज (सही)

ठिकाण: उंब्रज
दिनांक: ९ जानेवारी २०२५