टेबलामागची ताई

४ सप्टेंबर

चि. बारकीस,
अ. उ. आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, असं सवयीने लिहिते. खरं काय ते पुढे येतंच आहे.

तुझं पत्र पोचलं. तुमच्या कॉलेजच्या संग्रहालयात रानातल्या अळंब्या ओळखून, वाळवून, नावं लावून ठेवायला माणूस हवंय आणि तू मॅडमना खुशाल माझं नाव सांगून मोकळी झालीस! आधी हसू आलं. मग स्वयंपाकघराचं दार लोटून पत्र पुन्हा वाचलं. एकोणचाळीस वर्षांच्या बाईला कुणी असं आपणहून नोकरीला बोलावतं का गं? एक नोव्हेंबरला हजर व्हायचं हे वाक्य तर मी तिसऱ्यांदाही वाचलं.

पण मला इथून हलता यायचं नाही. कारण तुलाच सांगते, कुणाजवळ बोलू नकोस. नानांना दिसत नाही.

अगदीच दिसत नाही असं नाही. दार कळतं, माणूस कळतं. पण रंग गेले आणि बारीक नजर गेली. गेल्या रविवारी खायची हिरवी टोपी आणि विषारी गोडबोली शेजारीशेजारी ठेवून दोन्ही चांगल्या म्हणाले. गोडबोली आठवते ना? खायला चवदार, दुसऱ्या दिवसापर्यंत हूं की चूं नाही, आणि मग माणसाचं यकृत पोखरते. लहानपणी तिच्या नुसत्या नावाने आपल्याला घाम फुटायचा.

टेबल अजून तसंच आहे. अळंब्यांच्या दिवसांत रोज नऊ ते बारा, पुढच्या खोलीत खिडकीशी. लोक टोपल्या आणतात, नाना एकेक उचलून खा किंवा फेका सांगतात. पस्तीस वर्षांत एकाचंही पोट दुखलं नाही. गेली दोन वर्षं मी त्यांच्या खुर्चीमागे उभी असते. वाईट अळंबी हातात आली की स्वेटर नीट केल्यासारखा त्यांच्या उजव्या खांद्याला हात लावते. ते लगेच म्हणतात, फेका. याबद्दल आम्ही दोघं आजवर अवाक्षर बोललेलो नाही. एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव काढलं, तर दोन दिवस जेवले नाहीत. म्हणाले, टेबल उचलाल त्या दिवशी मलाही उचला.

म्हणून नऊ ते बारा मला जागचं हलता येत नाही. बारानंतर साफ करणं, चिरणं, दोऱ्यात ओवणं, मिठाच्या पाण्याच्या बरण्या. वाळवणाच्या खोलीत दिवसभर शेगडी असते, खिडकी उघडायची सोय नाही. केसांना, उशीला, सगळ्याला तोच वास. तू आलीस तर मला डोळे मिटूनही शोधशील.

प्रकृतीला जप. लोभ आहेच, पत्राने तो जरा लवकर लवकर कळवत जा.
तुझी,
ताई

११ सप्टेंबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतका राग आला की दुधाचं भांडं करपलं. ते तुझ्या नावावर मांडून ठेवलंय.

तू लेक म्हणून नानांची काठी झालीस इथपर्यंत ठीक. पण तू त्यांचा पडदाही झालीयेस. उद्या तुला ताप आला तर? पाय मुरगळला तर? टोपली आणणाऱ्या माणसाला काय माहीत की निकाल खुर्चीत बसलेला नाही, खुर्चीमागे उभा आहे? दवाखान्यातल्या डॉक्टरांना सांग. नाना रुसतील. रुसू देत. रुसलेला माणूस जिवंत असतो.

इथे तुझ्यावाचून काय अडलंय तेही ऐक. लाकडी कप्प्यांची सोळा कपाटं आहेत आणि निम्म्या चिठ्ठ्या चुकीच्या. एका कप्प्यावर खाण्यायोग्य असं ठळक लिहिलंय, आत दोन झुरळं आणि बटण. मी नुसती कारकून, मला अळंबी आणि बटणातला फरक कळतो इतकंच. मॅडम म्हणाल्या, तुझ्या बहिणीला सांग, खोलीला चार मोठ्या खिडक्या आहेत. चारही उघडतात. हे मी मुद्दाम विचारून घेतलं.

दुसरी गादी आणून ठेवलीये. नानांना नमस्कार सांग, रागावलेला. लोभ कर, पण या खेपेला माझं ऐकूनही कर.
तुझी,
बारकी

१८ सप्टेंबर

चि. बारकीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं ऐकलं बरं का. मंगळवारी दुपारी दवाखान्यात जाऊन बाकावर बसले. काय बोलायचं ते मनात घोकत होते. तेवढ्यात बेकरीवाल्या काकू आल्या आणि सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, तुझे नाना आहेत म्हणून आम्ही डोळे मिटून खातो हो. पाच माणसांनी माना हलवल्या. माझा नंबर आला तेव्हा मी डॉक्टरांकडून खोकल्याचं औषध घेऊन परत आले. खोकला नाहीये मला.

वाटेत ठरवलं, नानांशीच बोलू. घरी आले तर ते टेबल पुसत होते. कोपऱ्या-कोपऱ्यातून, बोटांनी चाचपत. मी आत जाऊन बरण्या भरायला बसले.

संग्रहालयाला नकाराचं पत्र लिहून ठेवलंय. पाकिटात घातलंय, तिकीट लावलंय, पेटीत टाकवत नाही. तू मला रागावशील, पण रोज सकाळी नऊ वाजता मला दुसरं काही सुचतच नाही गं. पावलं आपोआप खुर्चीमागे जातात.

लोभ असू दे. उपदेश थोडा कमी असला तरी चालेल.
तुझी,
ताई

२ ऑक्टोबर

चि. बारकीस,
अ. उ. आशीर्वाद.

तू म्हणालीस तेच झालं. सगळं लिहिते.

गेल्या बुधवारी मला सणकून ताप भरला. सकाळी उठवेना. नानांना म्हटलं, आज दार बंद ठेवा. ते हो म्हणाले. मला ग्लानी आली आणि त्यांनी दार उघडलं.

एकच टोपली आली. बेकरीवाल्या काकूंची नवी सून घेऊन आली होती, लग्न होऊन दीड महिना झालाय. तिला आपल्याकडची रीत ठाऊक नाही. अळंबी मुळापासून उकरून काढायची, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने सुरीने दांडे कापून आणले होते. गोडबोलीची खूण म्हणजे बुडाची पिशवी, ती जमिनीतच राहिली. नाना अलीकडे बोटांनी बूड चाचपतात. बोटांना काही लागलं नाही. वासालाही वेगळं नव्हतं. त्यांनी खा म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. पुढच्या खोलीत गेले, तर आदल्या दिवशीची एक अळंबी टेबलावर राहिली होती. फिकट हिरवट टोपी, खाली पांढऱ्या पट्ट्या, दांड्याला कडं. बुडाशी सुरीचा कापलेला काठ. गोडबोलीच होती. झाकणाच्या डब्यात ती घातली आणि अनवाणी बेकरीवर धावले. सुनेला पहाटेपासून उलट्या होत होत्या. शिळ्या दुधाचं निमित्त झालं म्हणत होते सगळे. तिने आदल्या दुपारी एकटीपुरत्या परतून खाल्ल्या होत्या. बाकीच्या अळंब्या सासूला दाखवायला म्हणून भट्टीवर दोऱ्यात ओवून टांगल्या होत्या.

मोठ्या इस्पितळात नेलं. डबा मी मांडीवर घट्ट धरून बसले होते. काय खाल्लं ते नक्की कळलं म्हणून उपचार लगेच सुरू झाले, असं डॉक्टर म्हणाले. तीन दिवस काही सांगता येत नव्हतं. पाचव्या दिवशी पोरीने पाणी मागितलं. आता ती वाचेल. वाळवलेल्या सगळ्या भट्टीत टाकल्या.

आणि आता ऐक. इस्पितळाच्या जिन्यात मी काकूंचे पाय धरले, सगळं कबूल केलं. त्यांनी मला उठवलं. म्हणाल्या, अगं, नानांना दिसत नाही हे दोन वर्षं सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघतच नाही, तुझ्या हाताकडे बघतो. सुनेला तेवढं सांगायचं राहून गेलं, त्याचा दोष माझा.

मला हायसं वाटायला हवं होतं ना? उलट दारच लागल्यासारखं झालं. परवा चार जण घरी आले. नानांची खुर्ची बाजूला सरकवली आणि म्हणाले, आता ताई, तूच बस. किती मायेने म्हणाले! नाना आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून होते. मी बसले.

नकाराचं पत्र आज टाकते. नानांना एकटं टाकून मी कुठे जाऊ? ते माझ्याशी बोलत नाहीत, कुणाशीच नाही. मॅडमना माझा नमस्कार आणि क्षमा. लोभ ठेव, निदान तू तरी.
तुझी,
ताई

७ ऑक्टोबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

पोरगी वाचली हे वाचून मी ऑफिसातच रडले. तू धावलीस म्हणून वाचली, हे विसरू नकोस.

तुझा नकार मॅडमना पोचला. त्यांनी तो खणात ठेवलाय. एक नोव्हेंबरपर्यंत तो आपल्याला मिळालेलाच नाही, असं म्हणाल्या. मी आता तुला ये म्हणणार नाही. तुला सगळेच काही ना काही सांगत असतात. गादी मात्र गुंडाळलेली नाही.

लोभ आहे, तो मोजत बसू नकोस.
तुझी,
बारकी

२० ऑक्टोबर

चि. बारकीस,
तुझ्या नानांचे अ. उ. आशीर्वाद.

पट्टी ठेवून लिहितोय. ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या असतील तर सांभाळून घे. ताई बरण्या द्यायला बाजारात गेली आहे, तेवढ्यात उरकायचं आहे.

दिसत नाही हे मला तिच्याआधी कळलं होतं. खांद्यावरचा हात कशासाठी आहे हेही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी न कळल्यासारखं केलं. लोकांना वाटतं, म्हातारा मानासाठी हट्ट करतो. मानाचं होतंच. पण टेबल बंद झालं तर ताईला इथे थांबायचं कारण उरणार नाही, याची मला जास्त भीती होती. तुझी आई गेली, तू गेलीस. म्हणून टेबल उघडं ठेवलं. बारके, मी तिला धरून ठेवली होती. त्यापायी एका लेकीसारख्या पोरीचा जीव जात होता.

त्या पोरीला भेटून आलो. काकूंनी हात धरून नेलं. मी माफी मागितली. ती म्हणाली, बरी झाले की अळंब्या शिकायला येईन. मी म्हटलं, वाळवायचं, टिकवायचं शिकवीन, खा की फेका ते आता माझ्याकडून कुणी विचारायचं नाही. परवा सगळ्यांसमक्ष टेबल मागच्या खोलीत नेऊन ठेवायला लावलं. वर बरण्या मांडल्या. लोकांना सांगितलं, यापुढे बाजारातली खा. दोघे कुरकुरले, त्यांना कुरकुरू दे.

तरी ताई जायला तयार नाही. माझं जेवण कोण बघेल म्हणते. काकू दोन्ही वेळा डबा पाठवणार आहेत, हे तीनदा सांगून झालं. ती ऐकून घेते आणि शेगडीत कोळसे घालते. तिला जायची सवयच राहिलेली नाही. ती मीच मोडली.

म्हणून एक खोटं बोललो. पोस्टात तुझा निरोप आला, तुझा पाय मोडला आहे आणि तू खोलीत एकटीच पडून आहेस, असं पोस्टमनकडून तिला सांगायला लावलं. तिने लगेच पिशवी भरायला घेतली. शुक्रवारच्या बसने येते आहे. तुला हे पत्र त्याआधी मिळावं.

दोन दिवस लंगडून दाखव. मग खरं सांग. ती फार चिडेल, तेव्हा सगळं माझ्यावर ढकल. त्या खिडक्यांच्या खोलीत एकदा तिला घेऊन जा. परतीच्या बसला मात्र बसवू नकोस.

मी बरा आहे असं दर आठवड्याला कळवत जाईन.

माझ्यावरचा लोभ दोघींनी कमी केलात तरी चालेल.
तुमचा,
नाना