गाठ नाही, असं मी सांगितलं

६ जानेवारी, सोमवार
जखम चिघळून पायाचा अंगठा काळा पडला. डॉक्टर म्हणाले, "पायाला रक्तच पोचत नाहीये. घोट्यापासून काढावा लागेल." भाजी निवडताना बोलावं तसं बोलले! विठामावशीचं सगळं आठवतंय. तिचंही या साखरेच्या आजारानेच आधी बोट गेलं, मग पाऊल, मग गुडघा, मग मावशी. मी नाही देणार पाय. कॅम्प दोनच्या कारखान्यातलं माझं शिलाई मशीन कोण चालवणार? जीन्स शिवून संसार उभा केलाय मी.

८ जानेवारी
ऋतिकाने — सून आहे, पण लेकीहून हट्टी — एक मोठं हॉस्पिटल शोधलं. तिथे नव्या औषधाची चाचणी चालू आहे. स्टेम सेल नावाच्या पेशी अतिबारीक पिशव्या बाहेर सोडतात. त्या पायात टोचल्या की नव्या रक्तवाहिन्या फुटतात म्हणे. डॉ. विक्रांत बराच वेळ समजावत होते. मला एवढंच ऐकू आलं — पाय वाचू शकतो.

१० जानेवारी
आज खोटं बोलले.
माधवी सिस्टर फॉर्म भरत होत्या. "ताई, अंगावर कुठे गाठ?" नाही. "छातीची तपासणी केलीय कधी?" हो, मागच्या जयंतीच्या आरोग्य शिबिरात. सगळं साफ होतं.
शिबिरात मी फक्त डोळे दाखवले होते. आणि डाव्या छातीत दिवाळीपासून गाठ आहे, शर्टाच्या बटणाएवढी. दुखत नाही. सांगितली असती तर फॉर्म तिथेच बाजूला पडला असता. पाय आधी. बाकीचं नंतर बघू.

१३ जानेवारी
पहिलं इंजेक्शन. पोटरीत दहा टोचे. ओरडले, पण पळाले नाही!

२७ जानेवारी
दुसरं झालं. बोलता बोलता सिस्टरना विचारलं, त्या दिवशी गाठीचं एवढं का विचारत होता?
"अहो, हे औषध रक्तवाहिन्या वाढवतं ना. कॅन्सरची गाठ असली तर तिलाही रक्त मिळायचं, फोफावेल ती. तसे पेशंट आपण घेतच नाही."
मी हसले. कशाला हसले कुणास ठाऊक! रिक्षात बसल्या बसल्या पदराआडून गाठ चाचपली.

३० जानेवारी
मोरीत कडी लावून चाचपते. दिवसातून चार वेळा. वाढली का? नाही वाढली. वाढली!

८ फेब्रुवारी
"आई, पाय गरम लागतोय! बघा ना!" ऋतिका ओरडलीच. सकाळ-संध्याकाळ तीच पट्टी करते, पायावर जरा भार देऊ देत नाही. जखमेच्या कडेने लाल मांस आलंय. ती आनंदाने रडली. मीही रडले, पण भीतीने. पायात फुटतायत तर छातीतही फुटत असणार.
कारखान्याच्या सेठचा फोन आला. "शालनबाई, तुम्हारा मशीन किसी को नहीं दिया. आराम करो."

१० फेब्रुवारी
तिसरं. आज सांगणारच होते. तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "ताई, तुमचा पाय बघून डॉक्टर जाम खूश आहेत." मग तोंड उघडलंच नाही. आता एकच डोस उरलाय.

२४ फेब्रुवारी
चौथं. शेवटचं. भेकड आहे मी.

४ मार्च
जीन्सच्या बटणाएवढी झाली. टेप लावून पाहिली. काखेतही काहीतरी लागतंय. मीच खाऊ घातलं हिला, आपल्या पायाने चालत जाऊन!
ऋतिकाला सांगितलं. तिने हातातली पट्टी खाली ठेवली. मग म्हणाली, "उठा. आत्ताच्या आत्ता जायचं." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१२ मार्च
कॅन्सरच आहे. काखेत गेलाय. डॉ. विक्रांत रागावले नाहीत. "दोन महिने आधी कळलं असतं तर..." एवढंच बोलून थांबले. मी विचारलं, तुमच्या औषधानेच वाढली ना? म्हणाले, मला काय टोचलंय ते त्यांनाही माहीत नसतं, वर विचारावं लागेल. म्हणजे काय?

१५ मार्च
डॉक्टरांचा फोन आला. चाचणीत अर्ध्या लोकांना औषध देतात, अर्ध्यांना नुसतं सलाईनचं पाणी. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे. माझ्या वाट्याला पाणी आलं. चारही वेळा. पाय भरतोय तो ऋतिकाच्या पट्टीने. दोन महिने मी पाण्यासाठी गप्प बसले.