‘पेनलारा’ची केळी

१४ मार्च १९४३
अटलांटिक. सकाळी शेजारची बोट गेली – जर्मन पाणबुडीचा पाणतीर. दुसरा आमच्या ‘पेनलारा’ला पुढच्या अंगाला लागला, पण बया तरंगतेच आहे! वाफ मात्र बंद, म्हणजे माझी थंडीची यंत्रंही बंद. खाली खणांत गोठवलेलं मटण. चीफ इंजिनियर पास्को म्हणाला, "खणांची झाकणं उघडू नकोस. नुसतं डोकावलास तरी हात तोडीन."

१७ मार्च
लिव्हरपूल. ओढत आणलं. मटण दगडासारखं! एका हमालाच्या पायावर तंगडी पडली, अंगठा मोडला. सगळे हसले, तो सोडून.

८ मे १९४५
लढाई संपली.

२२ ऑक्टोबर
एव्हनमथ – घर! बोट पुन्हा पांढरी होतेय. मुळात ती केळ्यांचीच, लढाईनं तिला खाटकीण केलं. मटणाचा वास केळ्याला लगेच लागतो, म्हणून खण सोड्यानं धुतोय. आयव्ही माझे शर्ट घरात घेत नाही. नवरा चालतो.

२ डिसेंबर
जमैकाचं किंग्स्टन सोडलं, बोटीच्या पोटात हिरवी केळी. ती जिवंत असतात, तापतात. थंडी जास्त झाली तर काळी पडतात, कमी झाली तर पिकतात, आणि एक घड पिकला की शेजारचे सगळे पिकतात. लढाईभर गावानं केळं पाहिलेलं नाही. ही वाया गेली तर तोंड कुठे लपवू?

६ डिसेंबर
तिसरा खण तापतोय. पास्को म्हणाला, "थंडी पूर्ण सोड." लढाईभर आम्ही तेच केलं. माझाही हात सवयीनं थंडीच्या चाकावर गेला होता.
"चीफ, ही मेलेली मेंढरं नाहीत."
"मग काय, अंगाई म्हणू?"
"नको. वास घ्यायला चला."
दोघं घडांमधून सरपटलो, कुत्र्यांसारखे हुंगत. सापडला! कोपऱ्यात एक घड, पिवळाधमक. नियमाप्रमाणे तो तडक समुद्रात जायला हवा. पास्को त्याला उराशी धरून उभा. "इतक्या वर्षांनी केळं दिसलं, ते माशांना घालू?" डेकवर बसून सगळ्यांनी फडशा पाडला. समुद्राला साली दिल्या.

७ डिसेंबर
खण थंडावला. जिंकलो!

१५ डिसेंबर
एव्हनमथ. सगळी हिरवी! धक्क्यावर मेयर, बँड, पोरंच पोरं. एका मुलीनं पास्कोला विचारलं, "हे उकडून खायचं का?" पास्कोनं टोपी डोळ्यांवर ओढली. मी तर सरळ रडलो. लाज कसली?

२२ डिसेंबर
केळी पिकून मिसेस टिडकोमच्या दुकानात आली. आयव्हीसाठी एक मागितलं. म्हणाल्या, "फक्त मुलांना आणि गरोदर बायकांना, मिस्टर हॉलेट."
"अहो, मीच आणली ती."
"उपकार झाले. पुढचं गिऱ्हाईक?"
हात हलवत घरी आलो.

२३ डिसेंबर
चहाबरोबर आयव्हीनं बशीत केळं ठेवलं. कुठून आणलंस, विचारलं.
"मिसेस टिडकोमनं दिलं. तुझ्याआधी तिला सांगावं लागलं, रागावू नकोस."