मधूचा सिनेमा

पुसद, ता. ८ जाने. १९६७
मधूचा सिनेमा आला! परवा कॉलेजात दाखवणार. मधू नागपुरास मास्तरकीची बी. टी. करत असताना तिथल्या प्रोफेसरांनी माणसाच्या वागण्यावर कसलासा प्रयोग केला, त्याची फिल्म. त्यात आमचे चिरंजीव. शेजारचे बापूराव कुंपणावरून, "काय जी नाना, पोरगं हिरो झालं म्हणते!" सूनबाई सुशीला सातवा महिना असून येणार म्हणते. मधू जेवताना एवढंच बोलला, "जाऊ नका." काहून? लाजतो, झालं.

ता. १०
पाहून आलो. मधू आला नाही.
पडद्यावर मधू यंत्रापुढं. भिंतीआड एक माणूस. त्याचं उत्तर चुकलं की मधूनं खटका दाबायचा, त्याला विजेचा झटका. दर वेळी वाढता. माणूस किंचाळतो. मधू मागं वळून, "त्याले लागून राह्यलं ना जी." प्रोफेसर शांत, "प्रयोग पुरा व्हायला हवा." मधू घाम पुसतो. दाबतो. पुन्हा विचारतो, पुन्हा दाबतो. शेवटी पलीकडून आवाजच येईना, तरी…
त्या "जी"ला पोरं हसली.
मग सांगितलं, झटके खोटे, किंचाळणं नाटकी. मधूला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. असं फसवावं का, यावर मास्तर लोकांत मोठा वाद. आम्ही उठलो. सुशीला वाटभर माझ्या पुढं चालली.

ता. ११
लहानपणी मधूला पाडसाची कविता पुरी म्हणता येत नसे. शेवटच्या कडव्यात रडायचा. मी चाल धरून ओळ पुरी करायचो, त्याची आई पदरानं डोळे पुसायची. काय ते दिवस. त्याच पोराचा तो खटक्यावरचा हात?
रात्री स्वयंपाकघरातून मधू-सुशीलाचं बोलणं ऐकू आलं.
"साहेब म्हणाले ना, काही होत नाही म्हणून."
"अन् तो माणूस ओरडून सांगत होता, त्याचं?"
"खोटं होतं ना पण ते!"
"तुम्हाले कुठं माहीत होतं?"

ता. १४, संक्रांत
बापूराव मधूला, "घ्या मास्तर, गोड बोला, अन् खटका दाबू नका!" स्वतःच हसले. मधू आत गेला, तो जेवायलाही आला नाही.

ता. २०
सुशीला पांढरकवड्यास माहेरी गेली. पहिलं बाळंतपण, रीतच आहे. पण ट्रंकेत सगळी लुगडी भरली.
स्टँडवर मला हळूच, "मामाजी, उद्या लेकरू रडलं अन् कोणी साहेब म्हणाला हाणा, तर हे थांबतील?"
"थांबेल गं. आपला मधू…"
सुशीला गाडीत बसली. मधू बाहेरून खिडकीचा गज धरून उभा. तिच्याशी काही बोलणार, असं वाटलं. तेवढ्यात कंडक्टर ओरडला, "ओ, हात काढा!"
मधूनं लगेच काढला.
सुशीलानं पाहिलं. गाडी सुटायला अजून बराच वेळ होता.